मंगलाष्टकं बसून ऐक

बऱ्हाणपूर,
चैत्र वद्य पंचमी

चि. छोटीस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. प्रयोगशाळेत उभी असताना तू पुन्हा पडलीस आणि आता दादाच्या लग्नालाच येत नाही म्हणतेस. सगळ्यांसमोर पडले तर, ही भीती.

ती मला ठाऊक आहे गं. तुझ्या आईच्या लग्नात मी हातात अक्षता घेऊन पडले होते. एकोणीस वर्षांची होते. वैशाखातलं ऊन, मांडवावर ताडपत्री, सकाळपासून घोटभर पाणी नाही. तिसऱ्या मंगलाष्टकाला कान गुणगुणायला लागले, गार घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. सगळं कळत होतं. पण चारचौघं उभी असताना आपण कसं बसायचं, म्हणून उभी राहिले. समोरचा दात तुटला तो चक्करेमुळे नाही, त्या लाजेमुळे. मग लोकांनी मला उचलून खुर्चीत बसवलं, नाकाशी कांदा धरला, आणि मी बसल्या जागी परत बेशुद्ध झाले.

अशा माणसाला आडवंच ठेवायचं आणि पाय उंच धरायचे, हे तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं. तुझ्या मैत्रिणींना आत्ताच सांगून ठेव. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही, हेही सांग.

तुझे तपासणीचे कागद पाहिले. आडवी असताना नाडी ७८, उभं राहून दहाव्या मिनिटाला १२४, रक्तदाब जवळजवळ तेवढाच. याला कुणी नाटक म्हणालं तर तो कागद दाखव. माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. दाब घटल्याचं मानेतल्या धमनीला कळतं आणि आपल्याला न विचारता काम करणारी स्वायत्त मज्जासंस्था खालच्या रक्तवाहिन्या आवळून घेते. तुझ्या डॉक्टरांच्या मते तुझ्यात हे आवळणं कमी पडतं, म्हणून हृदयाला धावावं लागतं. या दुखण्याला ‘पॉट्स’ हे नाव पडलं १९९३ साली; माझ्या तरुणपणी ते कुणी ऐकलेलंच नव्हतं. माझं दुखणं तुझ्याहून वेगळं आहे, माझी नाडी ऐन वेळी मंदावते. तेव्हा मला लागू पडलेली गोळी तू मागू नकोस.

लहानपणी कुंडी भंडाऱ्यात उतरलो होतो, आठवतं? खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास बांधलेला तो. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी नुसत्या उतारावर शहरापर्यंत यायचं. मोट नाही, रहाट नाही. आपल्या रक्ताला मात्र पायांपासून डोक्यापर्यंत चढ आहे. तू आडवी झालीस की तो चढच उरत नाही. म्हणून सांगते, अंधारी यायला लागली की जिथे असशील तिथे बस, जमलं तर आडवी हो. कुणाची परवानगी मागू नकोस, माफी तर अजिबात नको. बसायला जागाच नसेल तर पायांची कैची घालून मांड्या घट्ट आवळ, मुठी दाब. तेवढ्याने दोन-चार मिनिटं मिळतात.

सकाळी उठण्याआधी पाणी पी, काही वेळ पलंगाच्या कडेला बसून राहा. कढत पाण्याची अंघोळ सोड, स्टुलावर बसून कोमट पाणी घे. एकदम पोटभर जेवू नकोस, थोडं थोडं खा. मीठ वाढवायला तुला डॉक्टरांनी सांगितलंय, तुझ्या बाबांना नाही. त्यांचा रक्तदाब जास्त आहे, तेव्हा तुझं ताक वेगळं कर. आडव्यानेच करायचे पायांचे व्यायाम कंटाळवाणे वाटतील, फरक पडायला महिने लागतील, तरी सोडू नकोस. पोटऱ्या बळकट झाल्या की रक्त वर ढकलायला त्यांची मदत होते. आणि हरतालिकेचा निर्जळी उपास यंदापासून बंद. आजीशी मी बोलते.

एका बाबतीत मात्र मला घाबरलेली आवडशील. धावताना किंवा आडवी असताना शुद्ध गेली, छातीत दुखलं, किंवा काहीच चाहूल न लागता पडलीस, तर ‘माझं नेहमीचंच’ म्हणून सोडू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव, ईसीजी काढ. अंधारी येत असेल त्या दिवशी स्कूटीला हात लावायचा नाही.

लग्नाला ये. गाडीत खालचा बर्थ घे, स्टेशनवर घाईने उतरू नकोस, मी डब्यापाशी येते. इथे ऊन भयंकर आहे, म्हणून राजघाटावर पहाटेच जाऊ. तुला आवडते ती मावा जिलेबी मी रात्री आणवीन. मुहूर्त दुपारचा आहे. मांडवात कूलरजवळच्या खांबाशी दोन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या ठेवायला तुझ्या मामाला सांगितलंय. एका खुर्चीत तू, एकीत मी. अक्षता बसूनही टाकता येतात.

तुझी,
मावशी