शेवटच्या रांगेंतील शब्द

गेल्या स्नेहसंमेलनांत एका मुलीचें भाषण चालू असतां मी शेवटच्या रांगेंत जाऊन बसलों होतों. आवाज भरपूर होता; परंतु शब्द एकहि धड लागत नव्हता. शेजारीं तिचे वडील होते. त्यांनीं दोन वेळां पुढें वांकून कानामागें हात धरला, आणि मग ते स्वस्थ बसून राहिले. मीं खूण करून आवाज वाढवावयास सांगितलें, तों गोंगाटच वाढला. मुलीचे उच्चार स्वच्छ होते. चूक अँप्लिफायरमधील एका आंकड्याची होती, व तो आंकडा भरण्याचें काम माझ्याकडे होतें.

आजच्या अँप्लिफायरांत शक्ति वाढविणाऱ्या भागाच्या आधीं गणित करणारा एक भाग असतो. मायक्रोफोनकडून आलेली विद्युल्लहर तो बहुधा सेकंदास ४८,००० वेळां मोजतो, त्या मापांवर आपण सांगूं ते संस्कार करितो, आणि त्यांस पुन्हां लहरीचें रूप देतो. यासच डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग म्हणतात.

आमच्या सभागृहांत स्पीकरांची एक जोडी व्यासपीठापाशीं व दुसरी तिच्यापासून २० मीटरांवर आहे. तारेंतून आलेला शब्द दोन्हीं जोड्यांतून एकदमच बाहेर पडतो. हवेंतून मात्र ध्वनि २० अंश सेल्सिअस उष्णतामानांत सेकंदास सुमारें ३४३ मीटरच चालतो. त्यामुळें मागें बसलेल्यास शब्द प्रथम जवळच्या स्पीकरांतून ऐकूं येतो, आणि तोच शब्द व्यासपीठाकडून ५८ मिलिसेकंद उशिरां येऊन पुढील अक्षरावर आदळतो. आवाज वाढविला तर दोन्हीं वाढतात, घोटाळा कायम!

तेव्हां मागल्या जोडीला तेवढा वेळ थांबविलें पाहिजे. २० ला ३४३ नें भागा; उत्तर ०.०५८३ सेकंद येतें. म्हणजे यंत्रानें सुमारें २,८०० मापें स्मृतींत धरून मग सोडावयाचीं. यांत आणखी १० मिलिसेकंद मिळवावे. याचें कारण मोठें मौजेचें आहे. जर्मनींतील गटिंगेन येथें हेल्मुट हास यांनीं १९४९ सालीं आपल्या प्रबंधांत असें दाखविलें कीं, तोच ध्वनि दोन दिशांनीं थोड्या अंतरानें आला, तर कान आधीं आलेल्याचीच दिशा खरी मानतो. मागून आलेला कांहींसा मोठा असला तरीहि. अशा रीतीनें मदत जवळचा स्पीकर करितो, पण बोलणारा व्यासपीठावरच भासतो. उन्हाळ्यांत ध्वनीचा वेग थोडा वाढतो. तथापि येथें फरक एका मिलिसेकंदाचा, त्याची चिंता नको. अर्थात् मागली जोडी स्वतंत्र चॅनेलवर हवी. आमची तशी होती. डिलेच्या रकान्यांत मात्र शून्य होतें.

मोठ्या मुलांनीं लिमिटरचाहि हिशेब करून पाहावा. स्पीकर ८ ओहमचा व २०० वॅटचा असेल, तर २०० गुणिलें ८ म्हणजे १,६००. त्याचें वर्गमूळ ४०. त्यास ४० व्होल्टांहून अधिक प्रभावी दाब मिळूं देऊं नये. थोडा कमीच बरा. ही मर्यादा न घालतां उत्साहाच्या भरांत आवाज चढविला, कीं आंतील बारीक तारेचें वेटोळें जळतें, आणि वर्गणी पुन्हां काढावी लागते.

पुढच्या पालकसभेच्या दिवशीं मीं रकान्यांत ६८ हा आंकडा घातला, व त्या मुलीस तेंच भाषण पुन्हां करावयास सांगितलें. तिचे वडील शेवटच्या रांगेंतच बसले होते. या खेपेस त्यांचा हात कानाकडे गेला नाहीं.