अंगावर खूण नसली तरी

वस्तीत एखाद्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले की पहिला प्रश्न निघतो, "मग ती ओरडली का नाही?" आणि दुसरा, "अंगावर तर काही लागलेले दिसत नाही!" विचारणारी माणसे दरवेळी वाईट असतात असे नाही. पण या दोन प्रश्नांनी अनेक मुलींची तोंडे कायमची बंद केली आहेत. म्हणून या दोन प्रश्नांचे उत्तर आरोग्याच्या बाजूने समजून घेऊ, आणि अशी वेळ आलीच तर पहिल्या तीन दिवसांत काय करायचे तेही पाहू.

शरीर का थिजते?

मोठे संकट अंगावर आले की माणूस एकतर लढतो, नाहीतर पळतो, असे आपण समजतो. पण तिसरी गोष्टही घडते. शरीर थिजते. हातपाय हलत नाहीत, घशातून आवाज निघत नाही. हे ठरवून होत नाही, भीतीने मेंदू तसा वागतो. शिवाय अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, शिकवणीचा सर, कामावरचा मुकादम. धमकी, धाक किंवा विश्वास यांच्या जोरावर तो मुलीला गप्प करतो. अशा वेळी अंगावर जखम न दिसणे अगदी शक्य आहे. जखम नाही म्हणजे अत्याचार झाला नाही, किंवा तिची संमती होती, असा अर्थ काढता येत नाही.

घडलेले सांगताना ती अडखळते, आधीचे नंतर सांगते, काही आठवतच नाही. ही खोटेपणाची खूण नव्हे. धक्क्यात आठवणी अशाच विस्कटतात.

देसाईगंजचा धडा

हे न समजल्याने काय होते, ते आपल्याच राज्यात घडले आहे. मार्च 1972 मध्ये त्यावेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी दोन पोलीस होते. डॉक्टरांच्या तपासणीत अंगावर जखमा आढळल्या नाहीत. योनीत दोन बोटे घालून केलेल्या तपासणीची नोंदही कागदावर आली. सत्र न्यायालयाने त्या आधारे मुलीच्या चारित्र्यावरच ठपका ठेवला आणि आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर खुणा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही, असा तो तर्क होता.

1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निकालाला आव्हान दिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. 2013 च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्टच लिहिले गेले की स्त्रीने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे धरता येणार नाही. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे कायम आहे. दोन बोटांची तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले. कुठे कोणी तशी तपासणी करू लागले तर आपण थांबवू शकतो.

पहिले 72 तास

उपचार आधी, कागद नंतर, हे पक्के ध्यानात ठेवा. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा वेळी तातडीने मोफत उपचार दिलेच पाहिजेत. "आधी तक्रार करून या" म्हणून परत पाठवणे हा गुन्हा आहे. रुग्णालय पोलिसांना कळवते. पण तक्रार द्यायची की नाही हे सज्ञान स्त्रीने ठरवायचे असते, आणि तिने नाही म्हटले तरी उपचार थांबत नाहीत.

जाण्याआधी शक्यतो अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. अंगावरचे कपडे बदलले असतील तर ते कागदाच्या पिशवीत घ्या, प्लास्टिकमध्ये नको. ओलाव्याने पुरावा खराब होतो. अंघोळ झाली असली, दिवस गेले असले, तरी जायचेच. उशिराही उपचार मिळतात आणि नोंद होते.

रुग्णालयात या गोष्टी मागून घ्या :

• गर्भ राहू नये म्हणून गोळी. जितकी लवकर तितकी चांगली, शक्यतो 72 तासांत.
• एचआयव्हीची लागण टाळणारी औषधे. ही 72 तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात आणि 28 दिवस न चुकता घ्यावी लागतात.
• इतर गुप्तरोगांवर औषध, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि कावीळ 'ब'ची लस.
• समुपदेशन, आणि पुढच्या तपासणीची तारीख.

तपासणी तिच्या संमतीनेच होते. मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. तिच्या भरवशाचे माणूस सोबत राहू शकते. गर्भ राहिलाच, तर बलात्कारपीडितेला 24 आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो. तो घरगुती उपायांनी करू नका, जिवावर बेततो.

पोलीस ठाण्यात

घटना कोणत्याही हद्दीत घडो, जवळच्या ठाण्याने तक्रार नोंदवलीच पाहिजे. तिचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज करा.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. आरोपी अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याची कलमे लावण्यास सांगा. धर्माने बौद्ध लिहिले म्हणून हा हक्क जात नाही. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला आहे. जातीचा दाखला जवळ ठेवा. अशा गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. वकील आणि 'मनोधैर्य' योजनेच्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे.

घरात आणि वस्तीत

तिने सांगितले की आधी ऐकून घ्या. "माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी चूक नाही," एवढे दोन शब्द पुरेत. "तिथे गेलीसच कशाला" हे बोलू नका. एकच गोष्ट दहा जणांसमोर सांगायला लावू नका.

मिटवामिटवीला बसू नका. बलात्काराचा गुन्हा पंचांच्या बैठकीत किंवा पैसे घेऊन मिटत नाही. मुलीचे त्याच माणसाशी लग्न लावणे म्हणजे तिला जन्मभराची शिक्षा देणे. 18 वर्षांखालील मुलगी वा मुलगा असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे माहिती असून लपवणे हाच गुन्हा ठरतो. होय, मुलांवरही अत्याचार होतात. लहान मूल अचानक अंथरूण ओले करू लागले, एखाद्या माणसाजवळ जायला घाबरू लागले, तर रागावू नका, विचारपूस करा.

तिचे नाव, फोटो, पत्ता व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, निषेधाच्या फलकावरही नको. पीडितेची ओळख उघड केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पुढचे कित्येक महिने तिला झोप न लागणे, दचकणे, जेवण न जाणे, जीव नकोसा होणे हे होऊ शकते. तिला एकटे पाडू नका. मनावरच्या उपचारासाठी 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098 आणि तातडीच्या वेळी 112. जिल्ह्याच्या 'सखी' केंद्रात निवारा, उपचार, पोलीस व वकील यांची मदत एकाच जागी मिळते. मुंबईत महापालिकेच्या अनेक रुग्णालयांत 'दिलासा' केंद्रे आहेत.

हे चार क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावेत आणि हा पाठ महिला मंडळाच्या बैठकीत वाचावा. बैठकीला पुरुषांनाही बोलवावे. "ती ओरडली का नाही" हा प्रश्न त्यांच्यातूनही जायला हवा.