नेमक्या रुग्णाला नेमका उपचार : आपल्या जिल्ह्याने दिलेला धडा



जमाखर्चाच्या पत्रकांबरोबरच आरोग्यविषयक एखाद्या प्रश्नाचा अभ्यास आपणांपुढे ठेवावा, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहोत. गेल्या काही वर्षांत ‘प्रिसिजन मेडिसिन’ किंवा व्यक्तिनुरूप उपचारपद्धती हे शब्द वृत्तपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतात. आयआयटी, मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या प्रयत्नांतून तयार झालेल्या, रुग्णाच्याच रक्तपेशींवर प्रक्रिया करून देण्यात येणाऱ्या कर्करोग-उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये शासकीय मान्यता मिळाली, ही वार्ता अनेकांनी वाचली असेल. अशा वार्ता वाचल्यावर हितचिंतक आम्हांस साहजिकच विचारतात की, येडशीसारख्या गावातील धर्मादाय रुग्णालयाचा या विद्येशी संबंध काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील खेड्यांनी यापूर्वी देऊन ठेवले आहे, आणि ते समजून घेणे आपणां सर्वांच्या हिताचे आहे.

संकल्पना जुनीच आहे

एकच रोग झालेल्या दोन व्यक्तींना एकच औषध सारखे लागू पडेल असे नसते. म्हणून आधी चाचणीने व्यक्तीची वा रोगाची जात ओळखावी आणि मग उपचार ठरवावा, हा या पद्धतीचा गाभा होय. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. तेव्हापासून रुग्णास रक्त देण्यापूर्वी गट जुळवून पाहण्याचा प्रघात रुजला, तोही याच विचाराचा आविष्कार आहे. स्तनाच्या कर्करोगात गाठीच्या तुकड्यावर संप्रेरक-ग्राहक तपासले जातात. ते आढळले तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा लाभ होतो, न आढळले तर होत नाही. क्षयरोग्याच्या थुंकीची सीबीनॅट चाचणी केली असता जंतू आहेत की नाहीत, आणि ते रिफाम्पिसिन या प्रमुख औषधास दाद देतील की नाही, या दोन्ही गोष्टी सुमारे दोन तासांत कळतात. चाचणी साधी असो वा महागडी, हा उपचार कोणाला द्यावयाचा आणि कोणाला द्यावयाचा नाही, एवढेच तिने सांगावयाचे असते.

बार्शी आणि धाराशिवचा अभ्यास

येडशीहून तासाभराच्या अंतरावरील बार्शी येथील नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आपल्या परिसरास सुपरिचित आहे. तेथे १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबरच परंडा व भूम या आपल्या जिल्ह्यातील तालुक्यांची गावे तिच्या कक्षेत आली. गावोगाव हिंडून रुग्णांची नोंद ठेवणारी ही भारतातील पहिली ग्रामीण नोंदणी. स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि रुग्ण फार उशिरा दवाखान्यात पोहोचतात, हे वास्तव अशा नोंदींमुळेच आकड्यांनिशी पुढे आले.

या रोगाचे मूळ एचपीव्ही नावाच्या विषाणूत आहे, हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू पुष्कळ स्त्रियांच्या शरीरात येतो आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडून बसतो, आणि त्यांच्यातील काहींना दहा-पंधरा किंवा अधिक वर्षांनी कर्करोग होतो. ह्या थोड्या स्त्रिया नेमक्या कोण, हे बाहेरून पाहून कळत नाही. त्यांना काही दुखत नाही, खुपत नाही.

त्यांना शोधण्याची उत्तम रीत कोणती, हे ठरविण्यासाठी टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे उपरोक्त रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजेच २०२३ पासूनच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास हाती घेतला. डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. भ. म. नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. कस्तुरी जयंत आदींचा त्यात प्रमुख सहभाग होता. गावांचे ५२ गट पाडण्यात आले. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यांत होत्या. काही गटांत विषाणूची चाचणी, काहींत पेशींची पॅप तपासणी, तर काहींत ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी, अशी प्रत्येकी एकदाच करण्यात आली. चौथ्या विभागातील स्त्रियांना नेहमीची आरोग्यसेवा व माहिती एवढेच मिळाले. या चौथ्या विभागावरून पुढे वैद्यकीय नीतिमत्तेची मोठी चर्चा झाली, हेही येथे नमूद करणे उचित होय.

आकडे काय सांगतात

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एप्रिल २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंची संख्या पुढीलप्रमाणे होती :

विषाणू चाचणी (३४,१२६ स्त्रिया) – ३४ मृत्यू
पेशी तपासणी (३२,०५८ स्त्रिया) – ५४ मृत्यू
ॲसिटिक ॲसिड तपासणी (३४,०७४ स्त्रिया) – ५६ मृत्यू
तपासणी नसलेला विभाग (३१,४८८ स्त्रिया) – ६४ मृत्यू

आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणू चाचणीने मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतींनी मिळालेला फरक निर्णायक म्हणावा इतका नव्हता.

आमच्यासारख्या हिशेब सांभाळणाऱ्यांस याहूनही महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळी आहे. विषाणू चाचणी झालेल्या दर दहा स्त्रियांपैकी साधारण एकीचाच अहवाल सदोष आला. ज्या नऊ जणींचा अहवाल निर्दोष होता, त्यांच्यात पुढील वर्षांत कर्करोगाचे प्रमाण दर लाख स्त्रियांमागे वर्षाला ३.७ एवढेच राहिले. अन्य दोन तपासण्यांत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांत तेच प्रमाण १५.५ आणि १६.० होते. म्हणजे ही चाचणी धोका असलेली स्त्री निवडून काढते, आणि उरलेल्या नऊ जणींना भरवशाने घरी पाठवते. डॉक्टरांचा वेळ, दुर्बिणीतून तपासणी, तुकडा काढून परीक्षण, गोठवण्याचा उपचार हे सारे त्या एकीसाठी राखून ठेवता येते. ज्या रुग्णालयाकडे साधने थोडी, त्यालाच या नेमकेपणाची गरज अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत विषाणू चाचणीस प्रथम पसंती दिली, त्यामागील भक्कम पुराव्यांत आपल्या जिल्ह्यातील स्त्रियांचा वाटा आहे.

सरसकटपणाची किंमत

नेमकेपणा नसला की काय होते, याचे उदाहरणही दूरचे नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीने ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. या सर्वच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असे कोणी म्हणणार नाही. परंतु अंगावरून पांढरे जाणे, पोटात दुखणे अशा तक्रारींवर ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगण्यात आल्याचे अनेक स्त्रियांनी बोलून दाखवले. ऐन उमेदीत शरीराचा अवयव गेला, वर मुकादमाकडून घेतलेली उचल वाढली. भीती सर्वांना सारखी दाखवली की उपचारही सर्वांवर सारखाच लादला जातो. अशा वेळी एक विश्वासार्ह चाचणी, आणि ‘बाई, तुम्हांला काही करण्याची गरज नाही’ असे सांगणारा एक डॉक्टर, ही गरिबाच्या घराची मोठी राखण ठरते.

दहावी स्त्री

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. चाचणीने धोका दाखवला, पण ती स्त्री पुन्हा आलीच नाही, तर चाचणीचा खर्च वाया जातो आणि जीवही वाचत नाही. विषाणूच्या चाचणीचा अहवाल बहुधा त्याच दिवशी हाती येत नाही. तो येईपर्यंत दिवाळी उलटते आणि कुटुंब कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर निघून जाते. कोणी सासरच्या मंडळींस काय वाटेल म्हणून येत नाही, कोणी दिवसाची मजुरी बुडेल म्हणून, तर कोणी ‘मला काही होत नाही’ म्हणून येत नाही. त्यासाठी पत्त्याबरोबर फडाचा ठिकाणा लिहिलेली नोंदवही, गावातल्या आशाताईंची साथ, फोन करणारी परिचारिका, एस.टी.चे भाडे आणि बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई लागते. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, या गोष्टींवर लावता येत नाही. तरीही नेमक्या उपचाराची अर्धी भिस्त त्यांच्यावरच आहे.

रुग्णांच्या आप्तेष्टांसाठी

विषाणू सापडला म्हणजे कर्करोग झाला, असा अर्थ कृपया काढू नये. ती पुढील तपासणीची सूचना असते. वेळीच सापडलेला दोष बहुधा किरकोळ उपचाराने दूर होतो, गर्भाशय काढावे लागत नाही. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे खरे, तथापि तो अनेक वर्षांपूर्वीही आलेला असू शकतो. म्हणून त्यावरून घरात कोणी कोणावर संशय घेणे सर्वस्वी अन्यायाचे ठरेल.

कोणतीही महागडी जनुकीय चाचणी सुचवली गेल्यास डॉक्टरांना एकच प्रश्न नम्रपणे विचारावा : ‘या अहवालाने आमच्या रुग्णाच्या उपचारात काय बदलेल?’ उत्तर स्पष्ट असेल तर, अन्य खर्चाला कात्री लावूनही, चाचणी करावी. उत्तर नसेल तर पैसे राखून ठेवावेत. शासकीय आरोग्य योजनेत उपचार बसतो काय, याचीही चौकशी आधीच करावी.

पुढची पिढी

एचपीव्ही लशीच्या २००९ साली सुरू झालेल्या भारतीय अभ्यासातही बार्शी हे एक केंद्र होते. २०१० मध्ये लसीकरण मध्येच थांबवावे लागल्याने अनेक मुलींना एकच मात्रा मिळाली. त्या मुलींचा पाठपुरावा मात्र सुरू राहिला. एकाच मात्रेने विषाणूच्या दोन प्रमुख प्रकारांच्या चिवट संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वर्षे वयाच्या मुलींसाठी एका मात्रेचा पर्याय स्वीकारला, आणि त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या स्वदेशी लशीस परवानगी मिळाली. मुलीला लस आणि तिशी ओलांडलेल्या आईला चाचणी, ही जोडी घराघरांत रुजली पाहिजे.

आपणांस आमची नम्र विनंती इतकीच की, देणगी देताना यंत्रसामग्रीबरोबर पाठपुराव्याच्या खर्चाचाही विचार व्हावा. आपल्या जिल्ह्यातील लाखावर स्त्रियांनी त्या अभ्यासात सहभागी होऊन जगाला एक ज्ञान दिले. त्या ज्ञानाचा लाभ त्यांच्याच लेकी-सुनांना मिळावा, हे आपणां सर्वांवरील ऋण आहे. 

– रुग्णालय प्रशासन, येडशी