फेलोशिपची माहिती आणि ग्रामीण भागातील डॉक्टर

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोरी हे गाव लागते. या परिसरातून वैद्यकीय शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्वी अंबाजोगाई किंवा नांदेड गाठावे लागे. २०२३ मध्ये परभणी येथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पदवीचा मार्ग अशा रीतीने जवळ आला. त्यापुढील मार्ग मात्र दूरचाच राहिला असून त्यातील मोठे अंतर माहितीचे आहे.

एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांचा एम.डी. वा एम.एस. अभ्यासक्रम आणि त्यानंतर एखाद्या विशिष्ट कौशल्यासाठी फेलोशिप, असा सर्वसाधारण क्रम आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या मान्यताप्राप्त संस्थांमधून फेलोशिप अभ्यासक्रम चालविते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या फेलोशिप निराळ्या असून त्यांना देशपातळीवरील प्रवेश परीक्षा आहे. याखेरीज काही मोठी रुग्णालये केवळ स्वतःच्या नावाने प्रमाणपत्र देतात. बोलण्यात तिन्हींना शब्द एकच, पण तिन्हींचे मोल सारखे नाही. प्रमाणपत्र कोण देणार आणि वैद्यक परिषदेकडे त्याची अतिरिक्त अर्हता म्हणून नोंद होणार की नाही, हे संस्थेच्या संकेतस्थळाने आरंभीच सांगावयास हवे.

प्रत्यक्षात इमारतीचे छायाचित्र आणि संचालकांचा संदेश ठळकपणे आढळतो. उमेदवाराच्या प्रश्नांना मात्र कोपऱ्यात जागा मिळते, किंवा मिळतच नाही. जागा किती, विद्यावेतन किती आणि ते दरमहा वेळेवर मिळते काय? आठवड्यातून किती रात्रपाळ्या? शिकविणारे अध्यापक कोण? वर्षभरात किती शस्त्रक्रिया केवळ पाहावयास मिळतील आणि किती स्वतःच्या हाताने करावयास मिळतील? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण ज्या डॉक्टरला पुढे तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने काम करावयाचे आहे, त्याला पाहिलेल्या शस्त्रक्रियेचा फारसा उपयोग नाही. निवासाची सोय, मूळ प्रमाणपत्रे जमा करण्याची अट आणि अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास भरावयाची रक्कम, या गोष्टीही प्रवेशानंतर कळून उपयोग नसतो. शासकीय सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्याला तर रजा मागण्यापूर्वीच कालावधी व प्रारंभाची तारीख निश्चित ठाऊक असावी लागते.

मोठ्या शहरातील उमेदवार ही माहिती ओळखीच्या ज्येष्ठ डॉक्टरांकडून मिळवितो. बोरीच्या उमेदवाराला अशी ओळख बहुधा नसते. त्याच्यापुढे असतो तो फक्त संकेतस्थळाचा पडदा. तेथे दोन वर्षांपूर्वीचे वेळापत्रक आढळले, तर मुंबई-पुण्याची एक फेरी व्यर्थ जाते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने मागणीची वाट न पाहता ठरावीक १७ बाबी प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. शासकीय महाविद्यालये त्यात येतात. खाजगी रुग्णालयांना ही तरतूद सरसकट लागू होत नाही. तेथे उमेदवारानेच लेखी विचारणा करणे इष्ट. शुल्क भरण्यापूर्वी संस्थेचे, अभ्यासक्रमाचे आणि त्या वर्षाच्या जागांचे नाव विद्यापीठाच्या अथवा मंडळाच्या अधिकृत यादीत पडताळून पाहावे. यादी व संस्थेचे संकेतस्थळ यांत तफावत आढळल्यास यादीच प्रमाण मानावी.