प्रसाद, पोट आणि लिव्हर

 

मागच्या गुरुवारी डोकमर्डीच्या सत्संगात आपल्या एका दादांनी शिऱ्याचा द्रोण नुसता कपाळाला लावला आणि परत ठेवला. आम्ही सगळ्यांनी आग्रह धरला, "प्रसादाला नाही म्हणू नये, दादा." मग त्यांनी हळूच सांगितलं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालंय. दारू नाही, तंबाखू नाही, मग हे झालं कसं? आज हाच अभ्यास.

*चरबी यकृतात का जाते?*
गरजेपेक्षा जास्त खाल्लेलं गोड आणि पिठूळ शरीर चरबी करून ठेवतं. कातडीखाली जागा पुरेनाशी झाली की ती पोटात आणि यकृतात साठते. पोट सुटलं की इन्सुलिनचं काम मंदावतं आणि यकृत आणखी चरबी बनवतं. म्हणूनच फॅटी लिव्हर, शुगर आणि हृदयविकार एकमेकांच्या हातात हात घालून येतात. सुरुवातीला बहुतेकांना काहीच दुखत नाही. पण काहींच्या यकृताला सूज येते, पुढे ते कडक होत जातं आणि सिरोसिसपर्यंत जातं. 2021 साली केंद्र सरकारने हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला.

*आपण कुठे आहोत?*
घरी टेप घ्या. कंबर पुरुषांची 90 सेंटीमीटरच्या वर, स्त्रियांची 80 च्या वर असेल तर सावध व्हा. हातपाय बारीक असले तरी पोटावरची चरबी धोक्याचीच.

*काय करायचं?*
80 किलोच्या माणसाने 4 किलो उतरवले तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते. 6 ते 8 किलो उतरवले तर सूजही उतरण्याची आशा असते. पण घाई नको, आठवड्याला अर्धा किलो पुरे. एकदम कडक उपास केले तर यकृतावर उलट ताण येतो. आणि उपासाला साबुदाणा, बटाटा, वर गोड चहा, हा उपास यकृताला लागू पडत नाही! नाईट शिफ्टला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे 10 चमचे झाले. आधी तिथे हात आखडा. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. दमणगंगेचा काठ आपल्याजवळच आहे.

*काढ्यांबद्दल*
"लिव्हर साफ करणारा" काढा ग्रुपवर फिरला म्हणून घेऊ नका. कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली आहे. कंबर जास्त असेल, शुगर असेल, तर डॉक्टरांना विचारून रक्ताची तपासणी करून घ्या. सिल्वासात आपलं विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आहे.

आता आमची चूक. प्रसाद कणभर घेतला तरी पूर्णच असतो. द्रोण भरून देणं ही आमची हौस होती, श्रद्धा नव्हे. म्हणून पुढच्या गुरुवारपासून शिरा चमचाभर, सोबत फुटाणे आणि पेरूची फोड. कुणी नको म्हटलं तर आग्रह नाही.

*गृहपाठ:* गुरुवारपर्यंत घरातल्या सगळ्या मोठ्यांची कंबर मोजून वहीत लिहा. आकडा ग्रुपवर टाकू नका, फक्त "मोजली" एवढं कळवा. दादा, तुमच्यामुळे आम्ही शिकलो.