रोड बाइकवर पंप आणि पिशवी : काय करावे, काय टाळावे

नागपुरात रोड बाइकचे नवल आता कुणाला वाटत नाही. फुटाळा, सेमिनरी हिल्स, वर्धा रोड, आउटर रिंग रोड, पहाटे कुठेही पाहा, ती दिसतेच. पण शहर सुटले की पंक्चरवाल्याच्या भरवशावर राहता येत नाही. त्याच्याकडे हवा असते, पण ती आपल्या ट्यूबमध्ये जात नाही. त्याच्या नळीचे तोंड मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचे आणि आपला व्हॉल्व्ह प्रेस्टा, बारीक, वरून स्क्रूने बंद होणारा. त्यात आपल्याकडचे रस्ते काट्यांचे आणि ऊन ४५ अंशांचे. तेव्हा पंप आणि पिशवी दोन्ही इथल्या काट्यांचा आणि उन्हाचा विचार करूनच घ्यावीत. मासिकातला फोटो पाहून घेतलेली वस्तू रामटेकच्या अलीकडेच उघडी पडते.

पंप : काय करावे

दाब आधी पाहावा, वजन नंतर. २५ मिमी टायरला साधारण ८० ते १०० पीएसआय लागतात, २८ मिमीला ७० ते ८५. चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे कमीजास्त. पंपाच्या खोक्यावर १२० छापलेले असते, पण तिथवर आपले हात पोचतात का, हे घरीच तपासावे. चाकातली हवा पूर्ण सोडा, छोट्या पंपाने भरा आणि मग घरच्या उभ्या पंपाच्या गेजवर मोजा. वीतभर लांबीच्या पंपाने साठाच्या पुढे दंड भरून येतात. आणि साठावर गाडी हाकली, की सिमेंट रस्त्याच्या सांध्यावर रिम ट्यूबला चावते. शेजारी-शेजारी दोन छिद्रे दिसली तर दोष काट्याचा नाही, कमी हवेचा आहे.

नळी असलेला पंप घ्यावा. थेट व्हॉल्व्हवर बसणारा पंप जोर लावताना हलतो आणि प्रेस्टाची बारीक दांडी वाकते, कधी मुळाशी फाटते. नळी लवचीक असली की तो ताण व्हॉल्व्हवर येत नाही. मात्र फिरवून बसणारी नळी काढताना व्हॉल्व्हचा गाभाच उलगडून येतो आणि भरलेली हवा एका क्षणात जाते. ट्यूब नवी असतानाच तो गाभा घट्ट करून ठेवावा.

पंप अंगाने बारीक आणि लांब असावा. जाड, आखूड पंप माउंटन बाइकचा असतो. तो हवा भराभर भरतो, पण दाब चढवत नाही.

पितळी अडॅप्टर पिशवीत असावाच. नखाएवढी वस्तू आहे, पण ती व्हॉल्व्हवर फिरवली की पेट्रोल पंपावरची हवाही चालते. तिथे हवा थोडी-थोडी, थांबत-थांबत भरावी. ट्रकच्या टायरसाठी लावलेला कॉम्प्रेसर आपली पातळ ट्यूब सहज फोडतो.

पंप : काय टाळावे

फक्त सीओटूच्या नळकांड्यांवर निघू नये. १६ ग्रॅमचे एक नळकांडे म्हणजे एक चाक, एकदाच. विदर्भात काटे एकेकटे येत नाहीत. बांधावर कुंपणाला नेलेल्या बाभळीच्या फांद्या रस्त्यावर झडतात, कडेच्या मातीत सराटे असतात, आणि पुढचे-मागचे दोन्ही टायर एकाच जागेवरून जातात. सीओटू सोबत जरूर ठेवा, पण पंपाच्या जोडीला. भरताना नळकांडे बर्फासारखे गार पडते, म्हणून त्याला कापडी खोळ हवी. साध्या ट्यूबमधून हा वायू हवेपेक्षा लवकर झिरपतो. घरी आल्यावर तो सोडून साधी हवा भरावी. मे महिन्यात बंद कारच्या डिकीत ही नळकांडी ठेवू नयेत. बॅटरीवरच्या छोट्या इलेक्ट्रिक पंपालाही हेच लागू.

उन्हाळ्यात पहाटे टायर कमाल आकड्यापर्यंत ठासून भरू नये. २५ अंशांना ९० पीएसआय भरलेला टायर ४५ अंशांना तापला की सुमारे ९७ वर जातो. डांबर तर हवेपेक्षाही तापते. पाच-सात पीएसआय कमी ठेवून निघावे.

बॉटल केजच्या बाजूला लावलेला पंप नुसत्या रबरी पट्टीवर सोडू नये. आपल्या उन्हात रबर वर्षभरात तडकते आणि पंप कुठल्या गतिरोधकावर उडाला ते कळतही नाही. वेल्क्रोची पट्टी वरून गुंडाळावी. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पंपाच्या तोंडात गच्च बसतो. तोंडाला टोपण नसेल, तर प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधावी.

पिशवी : काय करावे

आत काय जाणार ते आधी टेबलावर मांडावे आणि मग पिशवीचे माप ठरवावे. रविवारच्या फेरीला दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, मल्टी-टूल, पॅच, सोल्युशन, साखळीची जोडकडी आणि जुन्या टायरचा दोन बोटे रुंद तुकडा पुरतो. हा तुकडा फार मोलाचा. फुटलेल्या ट्रक टायरच्या तारा हायवेच्या कडेला पडलेल्या असतात. तशा तारेने किंवा काचेने टायर चिरला, तर तुकडा आतून लावावा. ट्यूब चिरेतून बाहेर येत नाही. एवढे सामान एक लिटरच्या सॅडल बॅगेत बसते.

ट्यूब वेगळ्या कापडात गुंडाळावी. सुट्ट्या मल्टी-टूलशेजारी महिनोन्महिने घासून नव्या ट्यूबला भोक पडते, आणि ते कळते नेमके रस्त्यावर. ते कापड पंक्चरच्या वेळीही कामी येते. टायरच्या आतून हळूच फिरवले की काटा जिथे असेल तिथे कापड अडकते. हे करताना घाई नको. बाभळीचा काटा बाहेरून मोडतो, पण टोक टायरमध्येच राहते आणि दुसरी ट्यूब शंभर मीटरवर बसते. टायर चढवताना त्यावरचे नाव व्हॉल्व्हसमोर आणावे. ट्यूबला छिद्र सापडले, की काटा टायरमध्ये कुठे शोधायचा ते लगेच समजते.

सोल्युशनची ट्यूब उन्हाळ्याआधी बदलावी. एकदा फोडलेली ट्यूब आतून सुकते.

पिशवी : काय टाळावे

मागचा लाल दिवा पिशवीने झाकू नये. पिशवीच्या पट्टीला लटकवलेला दिवा खाली वाकून जमिनीवर उजेड पाडतो, ट्रकवाल्याला तो दिसत नाही. दिवा सीटपोस्टवर किंवा सीटस्टेवर घट्ट बसवावा आणि पिशवी त्याच्या वर ठेवावी.

सैल पिशवी नको. डुलणारी पिशवी मांड्यांना घासते, आणि कार्बनच्या सीटपोस्टवर वेल्क्रोखाली धूळ अडकली की ती पॉलिश कागदासारखी रंग खरवडते. तिथे पारदर्शक टेप लावावी.

पंप पाठीवरच्या सॅकमध्ये नको. घामाने पाठ भिजते, आणि पडल्यावर कठीण वस्तू मणक्यावर येते. जर्सीच्या मधल्या खिशालाही हेच लागू. पाणी मात्र फ्रेमवर दोन बाटल्यांचे हवेच. पिशवीच्या हौसेपायी त्यातली एक जागा घालवू नये. फ्रेम बॅग घ्यायची, तर बाटली निघते ना, हे दुकानातच पाहावे.

आणि शर्यतीच्या सायकलींची नक्कल टाळावी. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली. जवळपास ५,००० किलोमीटरची ती शर्यत, पण तिथे सोबतीची गाडी आणि माणसे मागे असतात, म्हणून सायकल मोकळी दिसते. ब्रेव्हेचे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीचे, तसे नाही. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, आणि कंट्रोल पॉइंट सोडून वाटेत आपल्या गाडीची मदत घ्यायची नाही. तिथे तिसरी ट्यूब, दुसरा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सामावेल अशी दीड-दोन लिटरची पिशवी लावावी, आणि ती भरून आधी कोंढाळीपर्यंत एक फेरी मारावी. कुठली पट्टी सैल होते आणि कुठली वस्तू खडखडते, ते तेवढ्या अंतरात कळते.