टाळेबंदी आणि कुष्ठरोगी

एखाद्या रोगाच्या नव्या रोग्यांची संख्या एका वर्षांत पुष्कळ घटली, तर आपणांस समाधान वाटणें साहजिक आहे. परंतु ही संख्या रोग हटल्यामुळें घटते, तशीच ती रोग्यांचा शोध थांबल्यामुळेंही घटते. ह्याचें उदाहरण आपल्याच देशांत कुष्ठरोगाच्या बाबतींत घडलें.

ह्या रोगाचे जंतु नॉर्वे देशांतील डॉ. हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं शोधून काढले. ते त्वचेंत व मज्जातंतूंत शिरतात आणि फार मंद गतीनें वाढतात. पहिलें लक्षण दिसण्यास सरासरी पांच वर्षें लागतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो. तो बधिर असतो, पण दुखत नाहीं. म्हणूनच रोगी पुष्कळदां आपण होऊन दवाखान्यांत लवकर जात नाहीं. त्यास शोधावें लागतें.

२५ मार्च २०२० पासून कोविडच्या साथीमुळें देशभर टाळेबंदी झाली. घरोघरची तपासणी थांबली. आगगाड्या व मोटारी बंद पडल्या. २०१९ सालीं भारतांत सुमारें १ लक्ष १४ हजार नवे रोगी सांपडले होते. २०२० सालीं सुमारें ६५ हजारच सांपडले. २०२२ सालीं ही संख्या पुनः १ लक्षावर गेली. रोग गेला नव्हता. तो केवळ नजरेआड झाला होता.

ज्यांचें औषध चालू होतें, त्यांचीही अडचण थोडी नव्हती. गोळ्यांचें पाकीट दरमहा घ्यावें लागतें, आणि हा क्रम सहा किंवा बारा महिने चालतो. केंद्र दूर असलें, तर तेथें पोंचणें दुर्घट झालें. कधीं कधीं मज्जातंतूंस अकस्मात् सूज येते. तिजवर वेळीं इलाज न झाल्यास बोटें कायमचीं वांकडीं होतात. बधिर तळव्यास जखम झाली तरी रोग्यास वेदना कळत नाहीं. तो तसाच चालतो व जखम हाडापर्यंत जाते. अशा रोग्यास विलंब म्हणजे पंगुत्व होय.

ह्यावरून आम्हांस असें वाटतें कीं, पुढें असा प्रसंग आल्यास कांहीं महिन्यांचें औषध व पायाच्या निगेचें शिक्षण रोग्यांस आधींच मिळावें. विद्यार्थिमित्रहो, घरांत कोणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसल्यास लाजूं नका, लपवूं नका. औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें. तें सुरू होतांच रोग्यापासून इतरांस संसर्गाचें भय लवकरच नाहींसें होतें. लवकर ओळखलेला कुष्ठरोग व्यंग न ठेवतां बरा होतो.